आतल्या खोलीचं माप

घरासाठी कर्ज देण्याआधी बँक आपला माणूस पाठवते. तो खोल्या मोजतो, भिंती ठोकून बघतो, ओल शोधतो, आजूबाजूची घरं कितीला गेली ते विचारतो आणि घराची किंमत सांगतो. ती कमी भरली, की कर्जही कमी. टेपकाकांचा सगळा जन्म याच कामात गेला होता.

त्या दुपारी ते एका शिंप्यासाठी घर बघायला निघाले होते. शिंपी, त्याची बायको आणि म्हातारी आई भाड्याच्या एका खोलीत राहत. आई शिलाई मशीनखाली पाय दुमडून झोपायची.

"काका, किंमत फार खाली आणू नका," शिंपी म्हणाला होता. "आईला एक खोली मिळाली की मी सुटलो."

घर विकणारा माणूस फाटकापाशीच थांबला होता. त्याने किल्ली पुढे केली.

"घरात कोणी राहतं का?" काकांनी विचारलं.

"आई होती. आता कोणी नाही. तुम्ही व्हा पुढे, मी आलोच."

घर भक्कम होतं. भिंतींवर बोटं आपटली तर कुठे पोकळ वाजत नव्हतं. आतली खोली मात्र काळोखी. खिडकी खिळे मारून बंद केलेली, आणि कोंडलेल्या अंथरुणाचा वास. मागे पावलं सरकल्यासारखी वाटली. मालक आला असेल, असं धरून काकांनी मागे न बघताच टेपचं टोक पुढे केलं.

"जरा कोपऱ्यात धरा हो."

टोक हातातून गेलं. टेप ताणला गेला. काकांनी माप वाचलं. "आता पलीकडच्या कोपऱ्यात." टेप फरशीवरून सावकाश घासत गेला. ना ढिला, ना हिसका.

"छान धरता," काका म्हणाले. मागून ऐकू आला नुसता श्वास... जिना चढून आलेल्या म्हाताऱ्या माणसासारखा.

"झालं. सोडा."

टेप सुटेना. आणि तेवढ्यात बाहेरून, फाटकापासून, मालकाचं फोनवरचं हसणं ऐकू आलं.

काकांनी मान वळवली. कोपऱ्यात कोणी नव्हतं. टेपचं टोक जमिनीपासून वीतभर उंचीवर अधांतरी होतं. खाली बसलेल्या माणसाने धरावं तसं.

काकांच्या हाकेने मालक उंबऱ्यापर्यंत आला. त्याने टेप पाहिला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"आई... सोड," तो पुटपुटला. "सोड ना गं..."

टेप सणसणत परत आला. काकांचं बोट कापलं.

"काय झालं होतं त्यांना?"

"काय व्हायचंय? म्हातारपण." तो बाहेर पडलासुद्धा. "तुम्ही काय ती किंमत लावा. मी भाव उतरवतो. हे घर एकदा माझ्या गळ्यातून काढा."

संध्याकाळी काकांनी शिंप्याला सगळं जसंच्या तसं सांगितलं. शिंपीण हसली. "इथे जिवंत घरमालक रोज दारात उभा असतो, काका. त्यापेक्षा मेलेली परवडली!"

शिंप्याने आईकडे पाहिलं. "आई, तू काय म्हणतेस?"

"मला पाय लांब करता आले म्हणजे झालं रे," म्हातारी म्हणाली.

काकांनी वाजवी किंमत लावली. मालकाने भाव पाडला. घर झालं.

काही महिन्यांनी काका त्या बाजूला गेले, तेव्हा सहज डोकावले. नवे पडदे, नवं मशीन. शिंपी कापड आणायला गेलेला. शिंपिणीने पाणी दिलं.

"आई कुठे?"

"आत. पडल्यात."

"काही त्रास नाही ना?"

"छे! एकच आहे. त्यांच्या दाराला आपोआप बाहेरून कडी लागते. मी म्हणायचे हे लावतात, हे म्हणायचे मी लावते. आधी खूप भांडलो."

"आणि आता?"

तिने दातांनी दोरा तोडला. "आता राहू देतो. बरं पडतं तसं. गिऱ्हाइकं येतात, मधेच सासूबाईंची लुडबूड नको."

काका उठून त्या दारापाशी गेले. भरदुपारी कडी लागलेली होती. त्यांनी हात उचलला, आणि तो तसाच राहिला. आत म्हातारी हलक्या आवाजात रडत होती. आणि तिच्याजवळून, अगदी जमिनीलगत, दुसरी कोणीतरी तिला मायेने समजावत होती.

"उगी... होते गं सवय. मलाही झाली."