शैलेंद्रचा पेसमेकर

कुश, तो फोन ठेव बाजूला. इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरला भुतं येत नाहीत म्हणतोस? का, त्यांना व्हिसा लागतो? ऐक. माझा मित्र डॉक्टर प्रल्हाद, त्याच्या बाबतीत घडलेलं आहे हे.

बुधवार, एकोणतीस जानेवारी दोन हजार पंचवीस. पौष अमावास्या. प्रल्हादचा जुना दोस्त शैलेंद्र गेला होता. शैलेंद्रच्या छातीत तरुणपणापासून प्लुटोनियमवर चालणारा पेसमेकर. सत्तरच्या दशकात बसवायचे तसले. बॅटरी बदलायची भानगडच नाही. पण माणूस गेला की दहनाआधी तो काढावाच लागतो, आणि शिशाच्या डबीतून सरकारी प्रयोगशाळेला परत जातो.

फ्युनरल होममध्ये तो काढला. डबी हॉस्पिटलला पोचवायची होती, पण स्नोमुळे त्यांचा माणूस अडकला. प्रल्हाद त्याच हॉस्पिटलमधून रिटायर झालेला. म्हणाला, “मी ड्राइव्ह करतो. द्या इकडे.”

आता त्याची चूक ऐका. वर्षानुवर्षं हा संध्याकाळी प्रिन्स्टन जंक्शनच्या स्टेशनवरून शैलेंद्रला उचलायचा. निघताना सवयीनं त्याच्या मृतदेहाच्या खांद्यावर हात ठेवला आणि बोलून गेला, “चल शैलेंद्र, घरी सोडतो तुला.”

हसू नकोस, अनिका. अवसेच्या रात्री मेलेल्या माणसाला नावानं हाक मारून कुणी गाडीत बोलावतं का?

डबी शेजारच्या सीटवर. रेडिओवर ट्रॅफिकच्या बातम्या. त्यात मधेच... टक्. टक्. टक्. प्रल्हाद घाबरला नाही. ते यंत्र छातीबाहेरही विजेचे ठोके देत राहतं आणि रेडिओ ते पकडतो, हे तो जाणून होता. वेग ठरलेला. माणूस धावो की झोपो, बदलत नाही.

शैलेंद्रच्या घराचं वळण आलं. प्रल्हाद सरळ पुढे गेला.

टक्टक्टक्टक्टक्...

त्यानं रेडिओ बंद केला. आवाज चालूच. समोर सीटबेल्टचा लाल दिवा लागला. शेजारच्या सीटचा. डबी एवढी जड नव्हती.

त्यानं स्वतःची नाडी धरली. त्याच ठेक्यात पळत होती. मग आवाज मंदावला. टक्... टक्...

नाडीही.

टक्...

...

“विवेककाका, स्टॉप ना!”

थांब, अनिका. डोळ्यांपुढे अंधारी आली त्याच्या. आपण आता मरणार, एवढंच कळत होतं. कसाबसा पुटपुटला, “चुकलो यार... घरी नेतो. शप्पथ, घरीच नेतो.”

यू-टर्न. वळण. शैलेंद्रचा ड्राइव्हवे. प्रल्हादनं उतरून शेजारचं दार उघडलं. उघडं धरून उभा राहिला. थंडीत. कुणी उतरताना दिसलं नाही...

लाल दिवा विझला. आवाज थांबला. छातीत श्वास आला.

मग तो डबी घेऊन हॉस्पिटलला गेला. त्याचा चेहरा बघून नर्सनं आधी त्याला आडवं केलं आणि ईसीजी काढला. पेसमेकर असलेल्या माणसाच्या ईसीजीत ठोक्याआधी एक बारीक उभी रेघ उमटते. ती रेघ तिनं बघितली. प्रत्येक ठोक्याआधी होती.

“डॉक्टर, तुम्हाला पेसमेकर कधी बसवला?” तिनं विचारलं.

प्रल्हादनं शर्टाची बटणं काढली. छातीवर साधा ओरखडासुद्धा नव्हता.