पोकळ वाजणारी भिंत

ही गोष्ट खरी आहे. कुंदन माझा मावसभाऊ. त्याला थापा मारायची सवय नाही. आयुष्यात एकच मारली, आणि तीच अंगाशी आली.

मोहाडीकडच्या एका तलावाला नवी भिंत घातली होती. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून तिथंच राहतात. ती भिंत पाण्याचा जोर सोसेल का, हे संगणकावर पाहून सांगायचं काम कुंदनचं.

संगणकात पाणी म्हणजे लाखो सुटे कण. भिंत त्यांना आपोआप अडवत नाही, ते सरळ आरपार जातात. म्हणून भिंतीपलीकडे खोटे कण मांडतात. खरा कण भिंतीशी आला की पलीकडून त्याचा खोटा जोडीदार येतो आणि त्याला मागे ढकलतो. इंग्रजीत त्यांना ‘घोस्ट’ म्हणतात. कुंदनला या नावाचं फार हसू यायचं.

त्या तलावात केवळराम नावाचे म्हातारे मासे धरायचे. त्यांचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेलं. बांबूने पाणी बडवून ते मासे जाळ्याकडे हाकलायचे. एकदा त्याच बांबूने त्यांनी भिंत ठोकून दाखवली.

ठक... ठक... ढब.

“ऐक बाबू. इथं पोकळ वाजून राहिली.”

कुंदनने ऐकलं. संगणकात त्या जागी पोकळी मांडून पाहिली. भसाभस कण बाहेर पडले.

अहवाल दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. साहेब खवळले असते. कुंदनने तेवढ्याच जागी खोट्या कणांचा जोर वाढवला. पाणी थांबलं. ‘भिंत मजबूत’ लिहून त्याने सही ठोकली.

“काही नाही काका,” तो केवळरामना म्हणाला. “तुमाले भास झाला.”

ऑगस्टमध्ये भिंत तिथेच फुटली. केवळराम खालच्या बाजूला जाळं सोडवत होते. देह सापडला.

बांबू सापडला नाही...

चौकशी लागली. गेल्या अठरा नोव्हेंबरला, दुपारी साडेतीन वाजता, भंडाऱ्यातल्या त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत कुंदन संगणकातली त्या भिंतीची फाइल पुसायला बसला. पुसण्याआधी एकदा चालवली.

पलीकडे एक खोटा कण उभा होता. त्याच्यासमोर खरा कण नव्हताच.

असं होऊच शकत नाही. त्याने तो काढला.

तो परत आला.

पुन्हा काढला... या वेळी तो भिंतीच्या अलीकडे आला.

खालच्या रस्त्याचा आवाज एकदम बंद झाला.

ठक.

खोलीच्या भिंतीवर. बाहेरून. बाहेर तीन मजल्यांची नुसती हवा!

कुंदन उजवीकडे सरकला. ठकठकही सरकली. तो थांबला. तीही थांबली.

फाइल पुसायची हिंमत झाली नाही. त्याने ती चौकशीत दिली. नोकरी गेली. केवळरामच्या बायकोला, गिरजाबाईंना भेटून त्याने सगळं कबूल केलं आणि तो पाया पडायला वाकला. त्यांनी पाय मागे घेतले.

“मी माफ करनार नाही. अन् आमचा म्हातारा तं मुळीच नाही.”

कुंदन आता लाखनीला राहतो. ठकठक सोबत आली. रोज वीतभर पुढे सरकते, पलंगाच्या उशाकडे.

गेल्या गुरुवारी दुपारी त्याचा फोन आला. आवाज पार उतरलेला.

“दादा, भिंतीले फोन लावतो. पोकळ वाजते का सांग. खरं सांग.”

ठक... ठक...

ढब.

मला स्पष्ट ऐकू आलं. त्याची दया आली, आणि स्वतःसाठीही भीती वाटली.

“काही नाही रे,” मी म्हणालो. “तुले भास होऊन राहिला.”

आज तीन दिवस झाले. कुंदनचा फोन लागत नाही. लाखनीला जायची माझी छाती होत नाही.

आणि सकाळपासून माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर, बाहेरून...

ठक.

अजून तरी भरीव वाजते आहे.