मातीतलं भोक

उंब्रजच्या बयाबाईंचे गुडघे गेले होते, एक डोळा गेला होता. जिभेची धार आणि हातचा टाका तेवढा शाबूत. त्यांनी शिवलेली वाकळ पंधरा पंधरा वर्षं फाटत नसे. म्हणून धाकट्या लेकानं, जयराजनं, कारखान्यातून जवानांच्या चिलखती जाकिटाचा नमुना आणून पुढ्यात टाकला, तेव्हा त्या करवादल्या.

"यवढी शिकल्याली मानसं, आन टाका म्हातारीनं घालायचा व्हय रं?"

जयराज कराडजवळ जाकिटं तपासायचा. जाकीट मातीच्या ठोकळ्याला बांधायचं, त्यावर गोळी नाहीतर सुरा मारायचा आणि मागं मातीत खड्डा किती पडला ते मोजायचं. पिस्तुलाची गोळी कापडात अडकते. बंदुकीची गोळी अडवायला आत कडक पाटी घालावी लागते. पण बारीक टोकाचा सुरा धाग्याधाग्यातनं सरळ आत जातो.

"दाट अस्तर पायजे, आई. तुझ्यासारखा टाका मशीनला जमत न्हाई."

रविवारी नातू वीरधवल सरहद्दीवर निघणार होता. त्याचा बाप उदयसिंह, बयाबाईंचा थोरला, जाकीट अंगात असतानाच गेला. तोफगोळ्याची कपची डाव्या काखेतून शिरली. तिथं जाकीट पोचत नाही.

"ह्ये टिकलं तर आमच्या वीरूला असंच एक शिवीन," त्या म्हणाल्या.

वाकळीत घरच्या माणसाचं वापरलेलं कापड घालायचं, ही त्यांची रीत. ट्रंकेतून उदयसिंहचा सदरा काढला, अस्तराच्या थरांमध्ये अंथरला. पाठ मोडेपर्यंत तीन दिवस टाके घातले.

शुक्रवारी दुपारी जयराजनं त्यांना कारखान्यात नेलं. गोळ्या अडकल्या. सुरा वाकला. जाकीट सोडलं, तर माती सारवल्यासारखी सपाट.

"आई, असं कवा बघितलं न्हाई!"

 बयाबाई भिंतीला धरून ठोकळ्याच्या बाजूला गेल्या. डाव्या कडेला, वरच्या अंगाला, एक भोक होतं.

"हितं कुनी मारलं?"

जयराज वाकला. भोकाच्या कडेनं हात फिरवला.

"कुनीच न्हाई. जाकीट तितं पोचतच न्हाई."

त्यांनी बोट घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. आत कोमट होतं.

तिथंच खाली बसून त्यांनी सगळे टाके उसवले. जयराजनं अडवलं नाही. घरी येऊन सदरा चुलीत घातला, राख ओढ्याला सोडली. वीरूला काही सांगितलं नाही.

रविवारी सकाळी वीरधवल वर्दी चढवून पाटावर बसला. आत साधा बनियन. बयाबाईंनीच नीट बघून घेतलं. मग ओवाळायला उभ्या राहिल्या. घरात दोघंच. जयराज बाहेर गाडी पुसत होता.

वीरधवलनं डोळे मिटले. एकदम खांदा आक्रसून हसला.

"आगं आज्जी, काखेतलं बोट काढ की. लय गार हाय."

बयाबाईंनी ताम्हन दोन्ही हातांनी धरलं होतं.