झेलेनींच्या विहिरीतला माणूस

“माझ्या विहिरीत एक चोर मरून पडलाय. येऊन घेऊन जा.”

एवढं बोलून व्हर्जिल झेलेनीने फोन आपटला. डेप्युटी शेरीफ आयलीन सोबोत्काने टोपी उचलली. नेब्रास्काच्या त्या कोपऱ्यात व्हर्जिलचा आवाज ओळखायला नाव विचारावं लागत नसे. पंचाहत्तर वर्षांत त्याचं कोणाशी पटलं नव्हतं.

झेलेनींचं मूळ घर कधीच पडलं होतं. पणजोबांनी सरकारने वसायला दिलेल्या जमिनीवर बांधलेलं. आता गवतात विटांचं धुराडं तेवढं उभं होतं, आणि वीस पावलांवर विहीर. तिच्यावरच्या कुजक्या फळ्या मोडल्या होत्या. खाली हार्लन स्टकी पडला होता.

हार्लनला सगळा तालुका ओळखायचा. निवृत्त पोस्टमन. तीस वर्षं तो मेटल डिटेक्टर घेऊन जुन्या पडक्या घरांच्या जागा धुंडाळत होता. नाणी, गुंड्या, घोड्यांचे नाल, मिळेल ते. चौघांनी मिळून त्याला वर काढला. साडेसहा फुटी देह, पाय स्ट्रेचरच्या बाहेर लोंबत होते.

“कालच मेलाय,” डॉक्टर म्हणाले. “दुपारच्या आत. डोक्याला मागून मार आहे. मागच्या मागे पडला.”

विहिरीच्या काठाशी त्याचं यंत्र पडलं होतं. आयलीनने हातमोजे घालून ते उचललं आणि सहज गवतावरून फिरवून पाहिलं. ती स्वतः साडेपाच फुटांची, तरी तिला कंबरेत वाकावं लागलं. तिने दांडी लांब-आखूड करायची खिटी निरखून पाहिली आणि यंत्र तपासणीच्या पिशवीत घातलं.

धुराड्याच्या पायथ्याशी एक खड्डा उघडाच होता. त्याच्या आजूबाजूला आणखी तीन, पण ते नीट बुजवलेले. गवताचा तुकडा झाकणासारखा कापून परत जागच्या जागी बसवलेला. हाताने चाचपल्याशिवाय कळलं नसतं.

व्हर्जिल कुंपणाला टेकून उभा होता. धुराड्याशेजारी दुसरं धुराडं उभं करावं तसा.

“तुमच्या गाडीच्या चाकांच्या खुणा इथवर आल्यात, व्हर्जिल.”

“जमीन माझी, चाकं माझी. तुझ्या बापाचं काय गेलं?”

“काल आला होतात?”

“नव्हतो.”

“खुणा कालच्या आहेत. परवा रात्री पाऊस पडला, आज सकाळी तुम्ही पायी आलात. पुन्हा विचारते.”

म्हातारा थुंकला. “आलो होतो. साडेअकराला. इथे काळं कुत्रंही नव्हतं. विहिरीकडे गेलोच नाही. मला वाटलं, पळाला भामटा.”

“काय घेऊन पळाला?”

व्हर्जिलने तोंड फिरवलं. मग त्याने खिशातून फोन काढून तिच्या हातात कोंबला. “मीच बोलावलं होतं त्याला. गावात सांगितलंस तर बघ! मी त्याला आयुष्यभर शिव्या घातल्या आणि शेवटी त्याच्याच दारात गेलो. पणजीने धुराड्यापाशी एक डबा पुरला होता, असं आजी सांगायची. मरायच्या आधी बघायचा होता.”

काल दहा वाजून दहा मिनिटांनी हार्लनचा निरोप आला होता. ‘तुझ्या पणजीचा डबा मिळाला. झाकण गंजलंय. तू आल्याशिवाय हात लावत नाही. लवकर ये.’ सोबत फोटो होता: खड्डा, खड्ड्यात डबा, आणि धुराड्याला टेकवलेलं यंत्र. आयलीनने फोटो मोठा करून पाहिला. बराच वेळ पाहिला.

“मला बेड्या घालणार असशील तर घाल,” व्हर्जिल गुरगुरला. “पण आधी गुरांना पाणी दाखवू दे.”

“गुरांना पाणी दाखवा,” ती म्हणाली. “बेड्यांचं मग बघू.”

हार्लनच्या फोनवरून त्या निरोपानंतर एकच फोन गेला होता. ओपल डिट्मरला. चार मिनिटं.

दोन दिवसांनी आयलीन ओपलच्या स्वयंपाकघरात बसली. ओपल जेमतेम पाच फूट. तीस वर्षं ती हार्लनची या छंदातली जोडीदारीण. टेबलावर कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव होते, पण तिने पाहुणीला एकही देऊ केला नाही.

“फोन कशासाठी होता?”

“रविवारच्या जेवणाला काय आणू, ते विचारत होता.”

“चार मिनिटं?”

“पोस्टमन होता. बडबड्या.”

“त्या दिवशी तुम्ही झेलेनींकडे गेला होतात?”

“मी काय तिथे गवत उपटायला जाऊ? माझं यंत्र महिनाभर दुरुस्तीला पडलंय. दुकानात विचारा. आणि त्या झेलेनीला पकडायचं सोडून इथे काय उकरताय?”

“यंत्र दुरुस्तीला आहे, ते विचारलंय मी,” आयलीन म्हणाली. “म्हणूनच तुम्ही हार्लनचं वापरलंत.”

ओपल हसली. “पुरावा?”

“फोटोत यंत्राची दांडी पूर्ण लांब ओढलेली आहे. हार्लनच्या उंचीला तशीच लागायची. विहिरीपाशी सापडली तेव्हा ती सगळ्यात आखूड खाचेवर होती. म्हणजे दहा-दहानंतर कोणीतरी बुटक्याने ते यंत्र हातात घेऊन काम केलं. व्हर्जिल सव्वासहा फुटांचा. त्याने ते धरलं असतं तर गुडघ्यांवर रांगावं लागलं असतं.”

“आम्ही एकमेकांची यंत्रं नेहमी वापरायचो.”

“वापरत असाल. पण त्या फोटोनंतर हार्लन फार तर दोन तास जिवंत होता. आणि खिटीवर सगळ्यात शेवटी उमटलेला ठसा तुमच्या दुकानात पडलेल्या यंत्रावरच्या ठशांशी जुळतो.”

ओपलने टेबलावरचं फडकं उचलून त्याची घडी घातली.

“त्याने आनंदाने तुम्हाला फोन केला. तुम्ही धावत गेलात. अर्धा वाटा मागितलात. तो म्हणाला, डबा झेलेनींचा. तुम्ही ढकललंत, तो मागच्या मागे फळ्यांवर गेला. तेवढ्यावर तुम्ही पळाला असतात तर मला काही कळलं नसतं. पण जिथे एक डबा असतो तिथे दुसराही असतो, असं तुम्ही लोक मानता. म्हणून दांडी आखूड केलीत आणि आणखी तीन ठिकाणी खणलंत. व्हर्जिलची गाडी येताना दिसेपर्यंत. खड्डे मात्र सवयीने बुजवलेत.”

“तीस वर्षं!” ओपल एकदम फिस्कारली. “तीस वर्षं त्याच्यामागे खड्डे बुजवत फिरले मी. वर्तमानपत्रात फोटो त्याचा. माझ्या वाट्याला बाटल्यांची बुचं. आयुष्यात एकदा घबाड लागलं, तर म्हणे परत द्यायचं! त्या खडूस म्हाताऱ्याला!”

“विहिरीत वाकून पाहिलंत का, तो जिवंत होता की नाही?”

ओपलने ते फडकं कोलाच्यांवर झाकलं.

झडतीचं वॉरंट आयलीनच्या खिशात होतं. तिचा सहकारी तळघरातून वर आला तो हातात बादली घेऊन. बादलीत तेल, तेलात बुडवलेला गंजका डबा. तो हलला की आत काहीतरी खुळखुळत होतं.

“उघडला नाहीत?”

“घाईने झाकण ओढलं की आतल्या वस्तू खराब होतात,” ओपल शांतपणे म्हणाली, जणू नवशिक्याला समजावत होती. “आठवडाभर भिजवावा लागतो. हार्लननेच शिकवलं.”

आयलीनने तिच्या हातांत बेड्या अडकवल्या. दारापर्यंत गेल्यावर ओपल थबकली आणि मान वळवून बादलीकडे पाहू लागली.

“अजून चार दिवस लागतील,” ती म्हणाली. “त्यात काय निघालं, ते मला सांगाल?”

“नाही,” आयलीन म्हणाली, आणि तिने दार उघडलं.