गेट एकतीस, आगाशे

पाऊस सुरू झाला की कार्डिफमधली शहाणी माणसं आत पळतात आणि आम्ही स्कीवाले बाहेर येतो. आमचा डोंगर प्लास्टिकचा. दात घासायच्या ब्रशसारख्या ताठ केसांच्या चटया उतारावर अंथरलेल्या. कोरड्या असताना त्या स्कीला धरून ठेवतात, ओल्या झाल्या की सोडून देतात. त्यामुळे पावसाकडे प्रेमाने बघणारी अशी या शहरात आम्ही पंचवीसएक माणसं असू.

त्या नोव्हेंबरात सव्विसावा आला.

मी वर, सुरुवातीच्या फळीपाशी, बूट आवळत होते. एक उंच, सावळा मुलगा खांद्यावर स्की घेऊन चढून आला. स्की शर्यतीच्या, बर्फावरच्या. धार अशी की पेन्सिल तासावी. त्याने त्या चटईवर मांडल्या आणि निवांत पाय घालायला लागला.

"स्टॉप! डोन्ट यू डेअर!" मी ओरडले.

"काय कटकट आहे या बाईची…" तो बुटाकडे बघत पुटपुटला.

"बाई नाही, वरदा. आणि कटकट अशी की खाली पोहोचेपर्यंत तुझ्या स्कीचा तळ भाजून निघेल आणि धार जाईल. प्लास्टिकवर जुन्या स्की वापरतात. ह्या घालणारा तूच पहिला."

मला एक वाईट खोड आहे. मी माणसांना घड्याळ लावते. बारा वर्षं सेकंदाच्या शंभराव्या हिश्शावर जगल्यावर दुसरं काय होणार? मराठी ऐकून दचकण्यापासून हसू येईपर्यंत त्याला १.४० सेकंद लागले. चांगली वेळ. माझ्या मामेभावाला विनोद कळायला आठवडा लागतो.

"प्रबुद्ध साळवे," तो म्हणाला. "इथे एमएस्सीला आलोय. वेबसाइटवर स्की सेंटर लिहिलं होतं… मला वाटलं, बर्फ असेल."

"कार्डिफमध्ये?"

"फोटोत पांढरं दिसत होतं."

"ते धुकं. पहिल्यांदाच स्की करतोयस का?"

"नॅशनल चॅम्पियन आहे."

"कुठला?"

"भारताचा. स्लॅलम." एवढं बोलून त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आणि तुम्ही?"

"ब्रिटनची. स्लॅलमच. आणि 'तू' म्हण."

म्हणजे दोघंही काठ्यांच्या गेटांतून नागमोडी उतरणारे. मग आम्ही एकदमच हसलो. कारण दोघांनाही माहीत होतं— ऑस्ट्रियात आमच्यापेक्षा वेगात दूधवाले उतरतात.

त्याच्याकडे तेवढी एकच जोडी होती. मी त्याला माझ्या भावाच्या, अर्णवच्या, जुन्या स्की दिल्या. त्या घालून तो तिसऱ्याच वळणावर आडवा झाला. उठला, हातमोजा झटकला, आणि खालून मोठ्याने म्हणाला, "भारताचा चॅम्पियन भुईवर आहे, लिहून घे!"

मी खरंच लिहून घेतलं. स्कीवाल्यांची वही असते— उतार कसा, हवा कशी, मेण कुठलं, वेळ किती. त्या दिवसाच्या पानावर हवेच्या रकान्यात 'पाऊस' आहे. शेरा या रकान्यात 'डोळे बरे आहेत' असंही आहे. अक्षर माझंच.

*

हिवाळाभर तो आमच्या गॅरेजमध्ये येत राहिला. निमित्त स्कीचं. मेण लावायचं, ते इस्त्रीने जिरवायचं, थंड झालं की खरवडून काढायचं. या कामाला दोन माणसं लागत नाहीत, पण आम्हाला लागायची. गरम मेणाचा तो गोडसर वास अजून कुठे आला तरी मला प्रबुद्धच्या कोपरापर्यंत सारलेल्या बाह्या आठवतात.

त्याचे वडील सुभेदार कडूबा साळवे. गाव जालन्याजवळ, नोकरी लष्करात, आणि बदली गुलमर्गला, जवानांना स्की शिकवायला. प्रबुद्ध पाच वर्षांचा असल्यापासून वडिलांच्या मागे मागे घसरत मोठा झालेला.

"जालन्याचा माणूस बर्फावर शिकवतो?" मी विचारलं.

"पुण्याची मुलगी प्लास्टिकवर शिकते. त्यापेक्षा बरं."

माझी आई, डॉक्टर सुप्रभा आगाशे, भूल देण्यात वाकबगार. हॉस्पिटलमधून आली की गॅरेजच्या दारात उभी राहून चहाचं विचारायची. पहिल्या दिवशी तिने त्याचं नाव विचारलं.

"प्रबुद्ध साळवे, काकू."

"साळवे म्हणजे…" आई म्हणाली आणि थांबली. पूर्ण १.८० सेकंद. स्लॅलममध्ये तेवढ्यात दोन गेटं होतात.

"म्हणजे जालन्याचे, काकू," प्रबुद्ध शांतपणे म्हणाला. "पंचशील नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरचं घर, कुणीही दाखवेल."

"हो का… साखर किती घेतोस?"

दोन चमचे घ्यायचा. आईने ते लक्षात ठेवलं. पण ती १.८० मी वहीत टिपली होती, आणि त्यानेही कुठेतरी टिपली असणार. तो कधी बोलला नाही. तीच खरी भानगड— तो बाकी सगळ्यावर बोलायचा.

विशेषतः वॉकीटॉकीवर. आमच्यात एक रिवाज आहे. आधी उतरलेला खालून वरच्याला रस्ता सांगतो; कुठलं गेट घसरतंय, कुठे लवकर वळायचं. प्रबुद्धने त्या रिवाजाचं जे केलं ते कुठल्याही नियमात बसत नव्हतं.

"तिसरं गेट घसरतंय. पाचव्याला लवकर वळ. शेवटी सपाट आहे, ढकल. आणि वरदा…"

"काय?"

"वेणी हेल्मेटबाहेर आलीय. राहू दे. चांगली दिसतेय."

"हा क्लबचा चॅनल आहे! सगळे ऐकतायत."

"सगळ्यांना मराठी कधीपासून यायला लागलं?"

मी ती धाव हरले. म्हणजे एकटीच धावत होते, तरी हरले.

*

त्याला ऑलिंपिकला जायचं होतं. हिशेब सरळ होता: ठरलेल्या गुणांत बसणाऱ्या पाच शर्यती हव्यात. चार झाल्या होत्या. पाचवी राहिली होती, आणि मुदत संपायच्या आतली शेवटची शर्यत स्कॉटलंडमध्ये, जानेवारीतल्या रविवारी. कडूबाकाकांनी गावाकडे सांगून ठेवलं होतं. पोराला टीव्हीवर बघायला पंचशील नगरात पडदा लावायचा होता.

शनिवारी आमची, मुलींची शर्यत झाली. रविवारी मुलांची. गेट जज कमी पडले की आदल्या दिवशीच्या खेळाडूंना उभं करतात. उतारावर एका जागी थांबायचं, आपल्या वाट्याच्या गेटांतून प्रत्येकाचे दोन्ही पाय गेले का ते बघायचं. चूक झाली तर कार्डावर नंबर लिहून चित्र काढायचं. मुख्य गेट जज मोराग नावाच्या बाई, वय सत्तर, आवाज वाऱ्याच्या वर.

"कुणाचं कुणी नातलग धावतंय का?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. खरंच होतं ते. नातं कुठे होतं तोवर?

माझ्या वाट्याला एकोणतीस ते तेहतीस ही गेटं आली. दुसऱ्या फेरीला धुकं उतरलं, वर बारीक पाऊस. वरचं गेट दिसेना, खालचं दिसेना. माझी पाच गेटं, मी आणि पेन्सिल. खेळाडू धुक्यातून यायचे आणि धुक्यात जायचे. काठीवर नडगी आपटली की 'टक' असा आवाज येतो. टक, टक, टक… इतकंच.

मग प्रबुद्ध आला. मी तो वळणावरूनच ओळखला. काय सुंदर येत होता! एकोणतीस, टक. तीस, टक. एकतीस— थप.

काठी त्याच्या दोन पायांच्या मधून गेली. डाव्या स्कीचं टोक काठीच्या चुकीच्या बाजूने. बोटभर. तो गेला. थांबला नाही. खाली लाउडस्पीकरवर त्याची वेळ सांगितली, टाळ्या झाल्या. ती वेळ पुरेशी होती. पाचवी शर्यत झाली होती.

पुढचा खेळाडू चाळीस सेकंदांनी येणार होता. पाहणारी मी एकटी. कार्ड ओलं, बोटं बधिर. चाळीस सेकंदांत माणूस केवढा विचार करू शकतो! मला पंचशील नगरातला पडदा दिसला. आईची १.८० दिसली. वाटलं, आगाशांच्या मुलीने साळव्यांच्या मुलाला बाद केलं, असंच हे वाचलं जाणार. आणि वाटलं, नाही लिहिलं तर मी आयुष्यभर त्याच्याकडे बघताना ती काठी बघणार.

मी लिहिलं. दोन स्कींच्या दोन रेघा, मध्ये काठीचं एक टिंब, शेजारी 'डावी'.

*

बाद झालेल्यांची यादी, गेटाच्या नंबरासकट आणि गेट जजच्या नावासकट, खाली बोर्डावर लागते. हरकत घ्यायला पंधरा मिनिटं असतात, आणि तोवर गेट जजने आपली जागा सोडायची नाही. मी उभी राहिले. पाचव्या मिनिटाला धुक्यातून बुटांचा कर्र-कर्र आवाज आला. स्की खांद्यावर, पंचेचाळीस नंबरची पट्टी छातीवर, प्रबुद्ध चढत येत होता.

"गेट जजला निदान छत्री तरी द्यायची," तो म्हणाला.

"हरकत घ्यायला आलायस?"

"ती खाली घेतात."

"मग?"

"चित्र बघायला. दाखव ना."

मी कार्डाची माझ्याकडची प्रत दाखवली. त्याने बराच वेळ पाहिलं. "डावी लिहिलीयस."

"डावीच होती."

"हो. डावीच होती."

मी कार्ड खाली केलं. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"गुडघ्याला तेव्हाच कळलं होतं." त्याने स्की बर्फात रोवल्या. "तरी खाली जाऊन मी हात वर केले, वरदा. म्हटलं, धुकं आहे… कोण बघतंय? एवढा वेळ मी तसला माणूस होतो."

"केवढा वेळ?"

"बोर्डावर तुझं नाव वाचेपर्यंत."

वारा आला. काठ्या थरथरल्या.

"रागावलायस माझ्यावर?"

"हो," तो म्हणाला. "बाबांना काय सांगू, ते सुचत नाहीये." मग हेल्मेट काढून त्याने कपाळ पुसलं. पाऊस होता, की… मी विचारलं नाही. "पण तू लिहिलं नसतंस ना, तर मी आज ऑलिंपिकला गेलो असतो, आणि उद्यापासून तुझ्या गॅरेजमध्ये आलो नसतो."

"आणि आता?"

"आता जरा अवघड झालंय. बोर्डावर लिहिलंय— साळवे, गेट एकतीस, आगाशे. आपली नावं पहिल्यांदाच एका ओळीत आली, आणि ती अशी."

"मला अशी नको होती," माझ्या तोंडून गेलं.

"मग कशी हवी होती?"

मी, जगाला घड्याळ लावणारी, उत्तराला किती वेळ घेतला ते मला आजही सांगता येत नाही. एवढंच आठवतं की उत्तर शब्दांत नव्हतं, आणि त्याचे ओठ गार होते. खिशातला वॉकीटॉकी दोनदा खरखरला. मोराग बाई म्हणत होत्या, "गेट जजेस, मुदत संपली. आता खाली यायला हरकत नाही." तिसऱ्यांदा त्यांनी नाव घेऊन सांगितलं.

*

फेब्रुवारीत आम्ही ऑलिंपिक टीव्हीवर पाहिलं. स्लॅलम सुरू झालं तसे त्याने डोळे मिटले. त्याचे दोन्ही हात मांडीवर आपोआप वळत होते, डावीकडे, उजवीकडे, वरपासून शेवटपर्यंत. आईने चहा आणून ठेवला, दोन चमचे साखरेचा, आणि जाताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. न थांबता. मी मोजलं.

कडूबाकाकांनी फोनवर आधी सगळं दोनदा सांगायला लावलं. मग विचारलं, "चित्र कुणी काढलं म्हणतोस? पोरगी? घेऊन ये तिला, आमच्या जवानांना गेट बघायला शिकवेल."

पुढे त्याचं शिक्षण संपलं, तो परत गेला, विमानांची तिकिटं झाली, क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसात दोन फेऱ्या झाल्या. ते सगळं होतं तसंच कंटाळवाणं होतं. मग एका सप्टेंबरात आम्ही कार्डिफच्या नोंदणी कार्यालयात लग्नाची नोटीस दिली. इथे ती अठ्ठावीस दिवस बोर्डावर लावतात, कुणाला हरकत असेल तर घ्यावी म्हणून.

प्रबुद्ध ती नोटीस बघायला चार वेळा गेला. "पंधरा मिनिटं परवडली," म्हणायचा. मी हसायचे, पण पुण्याहून आत्याचा फोन वाजला की दोघांचंही हसणं थांबायचं. आत्या दर वेळी हवापाणी विचारायची आणि फोन आईकडे द्यायला सांगायची. आई दार लावून बोलायची. शेवटच्या फोनला तिने दार लावलं नाही. "जावई चहात दोन चमचे साखर घेतो," ती आत्याला ठणकावून सांगत होती, "याखेरीज त्याच्यात मला काही खोट दिसलेली नाही. तुला दिसली असेल तर कार्डिफला ये, बोर्ड लावलाय."

आत्या आली नाही. म्हणजे तेव्हा आली नाही. लग्नाला आली, आणि सगळ्यात जास्त फोटो तिचेच आहेत.

अठ्ठाविसाव्या दिवशी आम्ही दोघं बोर्डासमोर उभे होतो. बाहेर आमचा लाडका पाऊस. काचेमागे टाइप केलेली एक ओळ: साळवे, आगाशे. मध्ये कुठलंच गेट नव्हतं.

प्रबुद्धने घड्याळ पाहिलं, मुठीचा वॉकीटॉकी केला आणि तोंडाजवळ धरला.

"गेट जज," तो म्हणाला, "मुदत संपली. आता खाली यायला हरकत नाही."