डावीकडून थाप

लाल गाडी. दोनच सीटा. मागची काच जेमतेम वीतभर उंच.

उन्हानं रापलेल्या एका बोटावर पांढरट पट्टा.

सोमवारी कोर्टात साक्ष. कापसाच्या जिनिंग मिलला आग कोणी लावली, त्याची. आगीत दोन हमाल मेले होते.

"माया नवरा दारू पेत नव्हता," राहीबाई सगळ्यांना सांगत होती. कोणी ऐकत नव्हतं.

साक्ष द्यायची होती राहीबाईच्या नवऱ्याला, डोमाजीला. तो बेला रस्त्यावरच्या त्या जिनिंगचा वॉचमन. रविवारी सकाळी तो कापसाच्या शेडमध्ये लाल गाडीखाली सापडला. चाक छातीवरून गेलं होतं. पण जखम डोक्याच्या मागेही होती.

गाडी मालकाच्या पुतण्याची, पंकजची. चालवत होता तोच.

"मागचं दिसलं नाही?" एसआय प्रगतीनं विचारलं.

"या गाडीतून मागचं काही दिसतच नाई. बसून पाहा ना. जीपशिवाय कशात बसल्या तुमी?"

"मग मागे घेतो कसा?"

"डोमाजी डिक्की ठोकत राह्यते. थाप चालू तवर यायचं. थाप बंद, गाडी बंद. कापसाचे ट्रॅक्टर असेच लावतेत इथं."

"काल संध्याकाळी थाप होती?"

"होती. टक टक, टक टक. मधात चाकाखाली काई तरी आलं. थाप चालूच होती, म्हटलं गाठोडं असन. उतरलो तं मागं कोणीच नाई. गाडी तशीच ठेवून घरी गेलो."

"म्हणजे मेलेला माणूस थाप देत होता."

"मले काय मालूम!"

शेडच्या दाराशी मालक सुधाकरराव उभे होते, एक हात खिशात. "पोट्टं घाबरून खोटं बोलून राह्यलं," ते म्हणाले. "डोमाजी पेलेला होता, पडला. अपघात लिहा अन् निघा. तुझा बाप आमच्याच वावरात निंदण करे, इतकी अक्कड काऊन?"

प्रगती गाडीत बसली. उजव्या आरशात कापसाचा ढीग. डाव्या आरशात गाडीचीच फुगीर बाजू. मान वळवली तर काचेलगतचा गाडीचा जाड खांब. डाव्या कोपऱ्यात हत्ती उभा असता तरी कळलं नसतं.

ती उतरून मागे गेली. डिक्कीच्या उजव्या टोकाला धुळीत तळव्यांचे ठसे, एकावर एक. डाव्या टोकाला ठसा नव्हता. तिथं धूळ कपड्यानं पुसलेली, आणि खाली बारीक, ताजे ओरखडे.

"पंकज, डोमाजी कुठं उभा राही?"

"उजवीकडं. आरशात त्याचं कोपर दिसे."

"काल दिसलं?"

"नाई."

"सुधाकरराव, इथं डावीकडं जरा थाप द्या."

"मी तुझा नोकर हाओ का?"

"द्या."

त्यांनी डावा हात उचलला.

"खिशातला."

थप. थप.

"काल टक वाजलं होतं," प्रगती म्हणाली. "उघड्या तळव्याचा आवाज असा येतो, थप. टक वाजायला बोटात काही तरी लागतं."

पंकज काकाच्या हाताकडं पाहत होता. "काका, तुमची पुष्कराजाची अंगठी? आंघोळीलेही काढत नाई तुमी."

"बोट सुजलं."

बोट सुजलेलं नव्हतं. त्यावर फक्त पांढरट पट्टा होता. प्रगतीसोबतच्या शिपायानं सुधाकररावांच्या खिशात हात घालून अंगठी काढली. अंगठीच्या कोंदणात लाल रंगाचा कीस अडकला होता.

"विम्यासाठी आग तुम्हीच लावली, हे डोमाजीला माहीत होतं," प्रगती म्हणाली. "तुम्ही त्याच्या डोक्यात मारलं आणि त्याला चाकामागे आडवं केलं. थापेशिवाय पंकज गाडी हलवत नाही. म्हणून तुम्ही थाप दिली, डावीकडून, त्याला दिसणार नाही अशी. चाक वर चढलं तरी थांबला नाहीत. साक्षीदार संपला, आणि आत जाणार होता पुतण्या."

"माया हातानं मारवलं तुमी त्याले," पंकज म्हणाला.

सुधाकररावांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. "साहेबांना फोन लावतो मी. उद्याच तुझी बदली करतो."

"लावा. ठाण्यातून लावा."

दाराशी राहीबाई उभी होती. "आता लिहा," ती म्हणाली, "तो पेत नव्हता."

प्रगतीनं लिहिलं.

गाडी पहिल्यांदा शेडमध्ये आली त्या दिवशी, डिक्कीवर थाप कशी द्यायची हे डोमाजीनं सुधाकररावांना हात धरून दाखवलं होतं.