परक्याला ओटीपी सांगत नाय

पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर श्रुतिका उतेकर चहा घेत होती आणि तिचं डोकं तापलं होतं. तसं श्रुतिकाचं डोकं तापणं ही काही बातमी नव्हे. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची, आणि पोरं वर्गात कुजबुजली तरी तापायचं. पण आजचं कारण वेगळं होतं. मुंबईहून बाबांचा फोन आला होता. गोमाजी उतेकर फोर्टातल्या एका ऑफिसच्या कँटीनमध्ये आचारी. ऐन जेवणाच्या घाईत त्यांना कुणीतरी फोन केला, लेकीचं नाव घेतलं आणि मोबाइलवर आत्ता आलेला ओटीपी मागितला. बँकवाले रोज बजावतात, कुणालाही सांगू नका. गोमाजींनी त्या माणसाची अशी बिनपाण्यानं केली की त्यानं मुकाट फोन ठेवला. तरी जीव राहवेना म्हणून त्यांनी लेकीला कळवलं, जपून रहा म्हणून.

श्रुतिका जपून राहणाऱ्यांतली नव्हती. तिनं बाबांकडून त्या ठगाचा नंबर घेतला आणि तिथंच उभ्या उभ्या लावला.

फोन वाजला... तिच्या पाठीमागच्या बाकड्यावर.

ती वळली. एका हातात वडापाव, दुसऱ्या हातात मोबाइल, श्रावणातल्या सरीनं कपाळावर चिकटलेले केस — असा एक तरुण फोन कानाला लावत होता.

"हॅलो?" तो म्हणाला.

"हॅलो," ती त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली. "दुसऱ्याच्या बापाला फसवायला लाज नाही वाटत?"

त्यानं मोबाइलकडे पाहिलं, मग तिच्याकडे. घाबरला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण त्यानं वडापाव शांतपणे कागदावर ठेवला.

"तुम्ही श्रुतिका मॅडम," तो म्हणाला. "बरं झालं भेटलात. तुमचे वडील मला पोलिसांत देणार आहेत. सोडवाल का?"

डोळे हसत होते मेल्याचे. वर म्हणे, कॉलेजच्या कामाला आलोय, प्राचार्यांना विचारा. श्रुतिकानं सरळ प्राचार्यांना फोन लावला, तेव्हा उलगडा झाला. हा मुरारी महाडिक, पुण्याच्या कंपनीचा. कॉलेज आता नव्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर जाणार होतं. नोट्स, हजेरी, चाचण्या, सगळं तिथंच. गणपतीच्या सुट्टीआधी हा पसारा बसवायचा आणि त्यात मुरारीला मदत करायची जबाबदारी — प्राचार्य सांगायचं विसरले होते — श्रुतिकाचीच होती. मुरारीनं चाचणी म्हणून पहिलं नाव उघडलं ते तिचं. ती याच कॉलेजात शिकलेली, त्यामुळे दप्तरात अजून अ‍ॅडमिशनच्या वेळचा बाबांचा नंबर होता आणि ओटीपी गेला तिकडं. तिनं माफी काही मागितली नाही. टपरीवाल्याला फक्त आणखी एक चहा सांगितला, आणि तिच्यापुरती ती माफीच होती.

"मुरारी," चहा त्याच्या पुढ्यात सरकवत ती म्हणाली. "कुणा म्हाताऱ्याचं नाव ठेवलंय का?"

"पणजोबांचं. तुम्हाला आवडलं नसेल तर... बदलून घेतो."

"राहू दे. हाक मारायला बरं आहे," ती म्हणाली, आणि आपण हे का म्हणालो ते तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी सगळी पोरं कॉम्प्युटर रूममध्ये बसवली आणि पहिल्या तासालाच प्लॅटफॉर्मनं मान टाकली. निम्म्याहून जास्त पोरांचा ओटीपी गेला मुंबईला. कुणाचा काका परळला, कुणाचा भाऊ भांडुपला. वाड्यांवर रेंज नाही, म्हणून घरचा नंबर म्हणजे कमावत्या माणसाचा नंबर, ही इथली पिढीजात रीत. अ‍ॅडमिशनला सगळ्यांनी तोच दिलेला. आणि मुंबईची ती माणसं गोमाजींसारखीच पक्की! एकानं तर मुरारीला स्पीकरवर टाकून अख्ख्या चाळीकडून शिव्या खायला घातल्या. नंबर बदलावा म्हटलं, तर त्यालाही जुन्या नंबरवरचा ओटीपी लागत होता.

"तुमच्या पुण्याला बसून इथलं काय कळणार," श्रुतिका म्हणाली.

"मी इथलाच, तुडीलचा आहे." मुरारीचा आवाज पडला होता. "माझ्या अ‍ॅडमिशनलाही काकाचाच नंबर होता. घाटकोपरचा."

"मग?"

"मग... विसरलो."

तो इतका खरा ओशाळला होता की टोचून बोलायची तिची हौसच गेली.

त्यानं पालकांसाठी एक संदेश लिहिला. 'आदरणीय पालक' असा सुरू होणारा, शुद्ध, छापील. कुणी ढुंकून पाहिलं नाही. असले संदेश तर ठगच पाठवतात! तेव्हा श्रुतिकानं त्याच्या हातातला मोबाइल ओढून घेतला, मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसली आणि स्वतःचा आवाज भरला.

"मी गोमाजी उतेकरांची श्रुतिका बोलते, कापड्याच्या वरल्या वाडीची. दादांनो, काकांनो, कालेजचा ओटीपी येल, तो आपल्या पोराला सांगायचा हाय. दुसऱ्या कुणाला नाय. फोन पोराचाच हाय ना, आवाज वळखा, मगच सांगा."

तो आवाज तिनं पोरांकरवी प्रत्येक गावच्या मुंबईतल्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. गावकीचा निरोप, गावचाच आवाज. संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटर रूमला बाजाराची कळा आली. एकेक पोरगं फोन कानाला लावून आकडे ओरडत होतं आणि पडद्यावर एकेक खातं उघडत होतं. मुरारी मात्र पडद्याकडे बघतच नव्हता.

"घरी तुम्ही असं बोलता?" त्यानं हळूच विचारलं.

"घरी सगळेच बोलतात. का?"

"काही नाही... मी तो आवाज परत परत ऐकला."

"नीट भरलाय की नाही, बघायला?"

"नाही," तो म्हणाला. श्रुतिकानं मान खाली घालून उगाचच की-बोर्ड पुसायला घेतला.

आता खरी गंमत ऐका. काम जितकं लवकर होईल तितका मुरारी लवकर पुण्याला जाणार, आणि तिथून कंपनी धाडेल त्या गावी. श्रुतिकाला हे पुरतं ठाऊक होतं. आणि काम लवकर व्हावं म्हणून दिवसभर खपत होती तीच! एकदा मनात आलं, थोडं रेंगाळलं तर काय बिघडेल? पण सलोनीसारख्या पोरी होत्या. डोंगरातल्या शेवटच्या वाडीवरून पायी येणारी सलोनी, तिची पहिली चाचणी हुकली तर गुण गेले. आपल्या मनापायी पोरीचं नुकसान करायचं, हे श्रुतिकाच्या रक्तात नव्हतं. सलोनीचा भाऊ महाडच्या एमआयडीसीत होता आणि शिफ्टमध्ये फोन आत नेता येत नसे. शिफ्ट सुटायची संध्याकाळी, आणि तोवर सलोनीला घर गाठायला हवं. म्हणून तो बाहेर पडेपर्यंत हे तिघं वाडीवरच्या उंबराखाली, रेंजची एक काडी येते तिथं, उभे राहिले. पाऊस भुरभुरत होता. छत्री एकच. सलोनीला मध्ये घेतलं, तरी मुरारीचा हात श्रुतिकाच्या हाताला लागत होता आणि दोघांपैकी कुणीही तो मागे घेत नव्हतं.

"मॅडम, सर... लागला फोन," सलोनी म्हणाली. ती दुसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा दोघांना ऐकू आलं.

मुरारीचं मात्र काहीतरी सारखं बिघडायचं. आज हजेरीचं पान परत तपासायला हवं, उद्या कॉलेजचं बोधचिन्ह जरा डावीकडे सरकवायला हवं. बोधचिन्ह तिसऱ्यांदा सरकलं तेव्हा श्रुतिका गालात हसली.

चाचणी झाली. सलोनीसकट सगळी पोरं बसली. प्राचार्य खुशीत येऊन म्हणाले, छान झालं, आता शिक्षकांतलं एकच खातं उघडायचं राहिलंय, तेवढं झालं की महाडिक मोकळे. दुपारी कॉम्प्युटर रूममध्ये दोघंच उरली. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मुरारीनं ते राहिलेलं नाव पाहिलं आणि खुर्ची वळवली.

"हे तर तुमचंच आहे. सगळ्या कॉलेजचं केलंत आणि स्वतःचं विसरलात?"

"मी विसरते असं वाटतं तुम्हाला?" आजवर ती प्राचार्यांच्या खात्यावरून काम भागवत होती.

"मग?"

"मुद्दाम ठेवलं." श्रुतिकाचा आवाज एकदाच हलला, मग ठाम झाला. "पोरांचं काम नाही अडवलं मी. माझं एवढं एक अडवलं. हे झालं की तुम्ही जाणार... आणि तुम्ही जावं असं मला वाटत नाही. बोधचिन्ह सरकवत बसायला मला नाही जमत. मी सरळ सांगते."

मुरारीचे कान लाल झाले.

"मी कंपनीला कळवलंय," तो म्हणाला. "महाड, माणगाव, खेडची कॉलेजं मी बघतो. तुडीलला घरी राहून."

"काय म्हणाले?"

"विचारत होते, तिकडे असं आहे तरी काय."

"आणि तुम्ही काय सांगितलं?"

"म्हटलं... रेंज चांगली आहे."

श्रुतिका इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी सगळं हसण्याचं नव्हतं, आणि त्यालाही ते कळलं. त्यानं हात पुढं केला, तिनं तो धरला. मग तशीच, हात न सोडता, तिनं डाव्या हातानं स्वतःच्या नावावर क्लिक केलं आणि बाबांना फोन लावला. फोन तिनं मुरारीच्या कानाशी धरला.

"आता तुम्हीच मागा," ती म्हणाली.

"नमस्कार, मी पोलादपूरच्या कॉलेजातून बोलतोय —"

"तुम्हीच का ते परत!" गोमाजींच्या मागं भांडी आदळत होती. "मागंच सांगितलंय ना साहेब, परक्याला ओटीपी सांगत नाय मी. कोण तुम्ही? कुणाचे?"

कोकणातला जुना प्रश्न. मागच्या खेपेला मुरारीनं या प्रश्नाला कंपनीचं नाव सांगितलं होतं. या वेळी त्यानं श्रुतिकाकडे पाहिलं. पुण्यात घासूनपुसून लावलेली भाषा त्याला ऐन वेळी सोडून गेली.

"तुडीलच्या भिकाजी महाडिकांचा नातू मी, मुरारी. आणि काका... तुमच्या श्रुतिकाला मागणी घालायची हाय मला. तिच्या मनात हाय. माझ्या बी."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. श्रुतिकाची बोटं त्याच्या हातात घट्ट झाली.

"हाय का वो शेजारी ती?" गोमाजींचा आवाज एकदम मऊ झाला. "रोज फोनवर दुसरं बोलत नाय. मुरारी सर असं, मुरारी सर तसं. मी म्हटलं, हा ठग माझं घर लुटणार एक दिवस." ते खाकरले. "गणपतीला गावी येतोय मी. घरी या, तोंड दाखवा. मग बोलू. आता घ्या लिहून तुमचा तो ओटीपी."

मुरारीनं पडद्याकडे पाहिलं. ओटीपीची मुदत केव्हाच संपून गेली होती.

"काका, तो गेला. दुसरा पाठवू का?"

"पाठवा की," गोमाजी म्हणाले. "आता काय, घरच्यांना कितीदा पण सांगीन."